कोठी नावाचा युजर

अजूनही कधी दुपारी डोळा लागला की मी त्या खोलीत जाते. अनवाणी. पायाखाली थंडगार फरशी असते, एसीची घरघर असते, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं सावकाश वर सरकत असतात. कोणी बोलत नसतं. कुणी घाई करत नसतं. मग कुकरची शिट्टी होते नाहीतर दारावरची बेल वाजते, आणि जाग येता येता मला एक वर केलेला हात दिसतो. त्या हाताबद्दलच सांगायचंय खरं तर. पण सरळ मुद्द्यावर येईन तर शपथ, तेव्हा जरा धीर धरा.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं होती. मी डोंबिवलीची, आणि माझी नोकरीही डोंबिवलीतच, मानपाड्याकडच्या कारखान्यांच्या भागात. अख्खं गाव सकाळी स्टेशनाकडे पळायचं आणि मी उलट्या दिशेने, शेअर रिक्षातली तिसरी सीट पकडून, केस वाळवत आरामात जायचे. शेजारणी म्हणायच्या, मज्जा आहे बाई तुझी. होतीच मज्जा, खोटं कशाला बोलू? आमची कंपनी केमिकलवाल्यांसाठी टाक्या, पाइप आणि पंपांची डिझाइनं करायची. वाऱ्याची दिशा बदलली की आजूबाजूच्या कारखान्यांचा वास बदलायचा. कधी पिकलेल्या केळ्यांचा, कधी सडक्या अंड्यांचा. केळ्यांच्या दिवशी सगळ्यांचा मूड चांगला असायचा आणि चहाही जास्त व्हायचा.

कॉम्प्युटरची खोली पहिल्या मजल्यावर. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण धूळ मशीनला चालत नाही. काचेच्या कप्प्यात एकच मोठं मशीन, आणि बाहेर त्याला जोडलेले सात टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. आम्ही सात जण त्या एकाच मशीनवर काम करायचो. आज माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती माझ्याकडे दुष्काळातून आल्यासारखं बघते. अगं, एकच होतं म्हणून तर कोण काय करतंय ते सगळ्यांना माहीत असायचं! एकाने मोठं गणित लावलं की बाकी सहांची अक्षरं रेंगाळायची. मग कोणीतरी म्हणायचं, पुरे की रे आता, आम्हालाही जगू दे.

त्या खोलीत राज्य होतं ताईंचं. ताई आमच्या सीनियर. पंचेचाळिशीच्या, राहायला ठाकुर्लीला, केसांत रोज अबोलीचा छोटा गजरा, आणि आवाज असा की शाळेच्या ग्राउंडवर माइकशिवाय चालला असता. हसल्या तर काचेचा कप्पा हादरायचा. मला त्यांनीच घेतलं, त्यांनीच शिकवलं, आणि पहिल्या आठवड्यात मी रडले तेव्हा त्यांनीच म्हटलं, "अगं, मशीन आहे ते, सासू नाही. चुकलं तर परत कर." मला त्या फार आवडायच्या. हे इथेच स्पष्ट लिहून ठेवते.

कोठी ही त्यांचीच कल्पना. मी लागण्याच्या आधीची गोष्ट, पण इतक्या वेळा ऐकलीय की मी हजर असल्यासारखी आठवते. तेव्हा ज्याला जो प्रोग्राम लागेल तो आपापल्या लॉगिनमध्ये, म्हणजे मशीनवरच्या आपल्या नावाच्या कप्प्यात टाकायचा आणि बाकीचे त्याच्याकडचा वापरायचे. पंपांची गणितं करणारा प्रोग्राम एका डिझायनरच्या लॉगिनमध्ये होता. त्याला आखातात नोकरी लागली. पेढे वाटून तो गेला, आणि ऑफिसने मोठ्या शिस्तीत त्याचं लॉगिन पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी कोणाचाच पंप चालेना. "तो विमानात आणि आमचे पंप त्याच्या बॅगेत!" असं सांगून ताई हसत सुटायच्या.

मग त्यांनी एक नवं लॉगिन काढलं, जे कोणाचंच नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये कोठीची खोली असते ना? नारळ, साखर, तांदूळ, आहेराच्या साड्या, सगळं एका ठिकाणी, आणि किल्ली एका खमक्या मावशीच्या कमरेला. खुद्द नवरीच्या आईला दोन नारळ हवे असले तरी तिने मागून घ्यायचे. म्हणून त्या लॉगिनचं नाव कोठी. सगळ्यांना लागणारे प्रोग्राम कोठीच्या मालकीचे. वापरा कितीही, पण हात लावायचा नाही. नवीन काही घालायचं किंवा जुनं काढायचं असलं तर आपलं लॉगिन बाजूला ठेवून, कोठी होऊन आत जायचं. ताईंनी त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिलेला. कुठल्या सामानाबरोबर कुठल्या फाइली आल्या याची तो एक यादी ठेवायचा, आणि सामान काढायला सांगितलं की यादी बघून तेवढ्याच फाइली उचलून बाहेर टाकायचा. आता या कामाला भारी भारी नावं आहेत. आम्ही आपलं यादी म्हणायचो.

कोठीचा पासवर्ड सातही जणांना माहीत होता. अडचण एवढीच की यादी एक. दोघं एकदम आत गेले तर दोघांचे हात एकाच यादीवर, म्हणजे गोंधळ. म्हणून एक रिवाज पडलेला. आत जायच्या आधी मोठ्याने विचारायचं, "कोठीत कोण?" आत कोणी असेल तर ते ओरडायचं, "मी आहे!" मग आपण थांबायचं. कोणीच ओरडलं नाही तर "मी चालले" म्हणून आत जायचं. चाळीतल्या सामाईक मोरीचा नियम हा. आमच्यातल्या बहुतेकांचं लहानपण चाळीत गेलेलं, त्यामुळे कोणाला शिकवावा लागला नाही. कोणी मान वळवून बघायचंही नाही. डोळे स्क्रीनवर आणि कान उघडे, असं काम चालायचं.

मला कोठी व्हायला मनापासून आवडायचं. माझं नाव पुसलं जायचं आणि स्क्रीनच्या कडेला कोठीचं नाव यायचं. मशीनच्या दृष्टीने मी मी नसायचेच. तिथे सगळं जागच्या जागी, शांत, भरलेलं. कधी कधी मी काम संपल्यावरही दोन मिनिटं तशीच बसून राहायचे. बाहेरून कोणीतरी ओरडायचं, "कोठीत कोण?" आणि मी दचकून म्हणायचे, "आले, आले!" ताई म्हणायच्या, "हिला आत पाटपाणी करून द्या रे, ही काही बाहेर येत नाही."

त्या वर्षी ताईंच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण आवाज गेला. नस दुखावलीय म्हणे. परत येईल, कदाचित येणारही नाही. तोवर कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. दीड महिन्याने त्या कामावर आल्या तेव्हा गळ्याभोवती रुमाल होता आणि हातात लहान मुलांची पाटी होती. दाराशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पेन्सिलीची भुकटी मशीनच्या खोलीत चालणार नाही. नियम त्यांचाच. मग ती पाटी चपलांशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि आत येताना आमच्याकडे बघून हसल्या. आवाज नसलेलं त्यांचं हसू मी पहिल्यांदा बघितलं. मला ते अजिबात बघवलं नाही.

साहेब, म्हणजे आमच्या विभागाचे मुख्य, माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगते, कारण पुढे मी चिडून काहीबाही लिहीन. त्यांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं, मलाही सोबत बोलावलं, आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला त्रास नको. फोन कोण घेणार, नव्या मुलांना कोण शिकवणार? खाली ड्रॉइंगच्या रेकॉर्ड रूममध्ये बसा. पगार तोच." खाली म्हणजे तळमजला. तिथे कपाटं होती, नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, आणि टर्मिनल नव्हता. ताईंनी वही उघडली आणि भराभर लिहिलं. हेड ऑफिसकडून गणितं करणाऱ्या प्रोग्रामांचा एक मोठा नवीन संच टेपवर आलेला. शनिवारी ग्राहक तो चालताना बघायला येणार होते. ताईंनी लिहिलेलं, तो कोठीत घालायचं काम मला करू द्या. शुक्रवारपर्यंत झालं नाही तर मी आपण होऊन खाली जाते. साहेबांनी चष्मा काढून दोनदा वाचलं आणि बरं म्हणाले.

तो आठवडा फार सुंदर गेला, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. मशीनवरून एकमेकांच्या स्क्रीनवर चिठ्ठी पाठवायची सोय होती. आम्ही ती कधी वापरायचो नाही, ओरडणं सोपं होतं. आता ताई ती वापरायला लागल्या. मी काम करत असायचे आणि मध्येच स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांतलं मराठी उमटायचं. चहा घेतलास का. तिसरी ओळ चुकलीय बघ. आज केळी आहेत, बाहेर एक चक्कर मार. त्यांचा आवाज हिरवा झाला होता आणि माझ्या एकटीच्याच स्क्रीनवर येत होता. दुपारी बाहेर कबुतरं घुमायची, आत अक्षरं सरकायची, आणि मला वाटायचं की असंच चालू राहिलं तरी चालेल.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर मला सुस्ती आलेली. डिस्कवर जागा कमी पडत होती, म्हणून छपाईचा एक जुना, कोणी न वापरणारा प्रोग्राम काढून टाकायचा असं मी ठरवलं. ताईंच्या नव्या संचाला जागा होईल, त्या खूश होतील, हाच विचार होता. मी स्क्रीनकडे बघत हाक मारली, "कोठीत कोण?" कोणी ओरडलं नाही. मी म्हटलं, "मी चालले." आणि गेले. प्रोग्राम काढायची आज्ञा दिली.

आधी माझ्या शेजारचा म्हणाला, "हे काय झालं?" मग पलीकडची म्हणाली, "अरे, माझं पण गेलं." एकेक करत सगळ्यांच्या स्क्रीनवर तीच ओळ आली, फाइल सापडत नाही. पंप नाही, टाकी नाही, काहीच नाही. आणि मी मान वर केली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ताई बसल्या होत्या. एक हात कीबोर्डवर, आणि दुसरा हात वर. वर्गात हजेरी देतात तसा सरळ वर. माझी हाक ऐकल्याबरोबर त्यांनी तो वर केला होता आणि तो अजून तसाच होता. मी आत आहे, असं त्या सांगत होत्या. बघणारं कोणी नव्हतं.

त्या नवा संच घालत होत्या आणि त्याच वेळी मी जुनं काढत होते. एकच यादी दोन हातांनी लिहिली गेली. माझ्या आज्ञेने जुन्या प्रोग्रामबरोबर सगळ्यांना लागणाऱ्या फाइलीही उचलल्या गेल्या आणि ताईंचा अर्धा घातलेला संचही गेला.

साहेब धावत आले. चपला न काढता आले, यावरून समजा. ताईंच्या मागे उभं राहून त्यांनी विचारलं, "कोणी केलं?" ताईंनी मशीनची नोंद काढून दाखवली. घालणारा कोठी. काढणारा कोठी. दोन्हीकडे एकच नाव, आणि ते नाव कोणाचंच नाही. साहेबांनी ते वाचलं, मोठा श्वास घेतला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही थकलाय. मी आधीच म्हटलं होतं. दीड महिन्यात सवय सुटते, साहजिक आहे." ताईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी वही ओढली, पेन घेतलं, आणि मग ते परत ठेवलं.

आणि मी? मी माझ्या खुर्चीत बसून होते. पंधरा दिवसांत माझं कायम झाल्याचं पत्र येणार होतं. घरी आईने त्या पत्राबद्दल निम्म्या इमारतीला सांगून ठेवलेलं. घशाशी शब्द आले होते, खरंच आले होते, पण मी ते गिळले. मनात म्हटलं, आत्ता नको, साहेब शांत झाले की सांगू. मग चार वाजले, मग पाच वाजले. मागच्या शनिवारी सगळ्या फाइलींची नक्कल टेपवर काढून ठेवलेली, ती लावून ताई एकेक फाइल परत आणत बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत माझ्या स्क्रीनवर एकही चिठ्ठी आली नाही.

कुठल्या टर्मिनलवरून कोण आत गेलं हे मशीन वेगळ्या ठिकाणी टिपून ठेवायचं. साहेबांना ते बघता येत नव्हतं. ताईंना येत होतं. मी घरी जाताना स्वतःची समजूत घातली की त्यांना कामाच्या गडबडीत ते सुचलं नसेल. काय पण अक्कल! रात्री जेवण गेलं नाही, आईला म्हटलं पित्त झालंय.

शुक्रवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ताईंना त्यांनी आधीच बोलावलेलं. बदलीचा कागद टेबलावर होता. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. मी होते, मी हाक मारली पण वर बघितलं नाही, त्यांनी हात वर केला होता, त्यांची काही चूक नाही. बोलता बोलता रडू फुटलं आणि नाकातून बोलायला लागले, म्हणजे अगदी शोभा झाली. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं काय ते नंतर बघू. पण मुद्दा तोच राहतो ना? त्या खोलीत ओरडून काम चालतं. यांना ओरडता येत नाही. उद्या परत असं होणार."

ताई उठल्या आणि सरळ बाहेर गेल्या. साहेब तो कागद हातात घेऊनच मागोमाग गेले, आणि त्यांच्या मागे मी. त्या टर्मिनलवर बसल्या, कोठी झाल्या, आणि अर्ध्या तासात सात-आठ ओळी लिहिल्या. मग मला खूण केली, जा आत. मी कोठीत जायचा प्रयत्न केला. मशीनने मला आत घेतलंच नाही. माझ्या स्क्रीनवर आलं, आत ताई आहेत, थांब. एवढंच. पाच वर्षं त्या खोलीत सगळे घसा फोडून ओरडत होते आणि हे कोणाच्या मनात आलं नाही, कारण ओरडण्यात मजा होती. साहेबांनी दोनदा करून बघितलं, एकदा स्वतः आज्ञा टाइप केली, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "संच?" त्यांनी विचारलं. ताईंनी पडदा वळवून दाखवला. संच पहाटेच येऊन त्यांनी पुन्हा घातलेला होता, आणि तो चालत होता.

शनिवार नीट पार पडला. ताईंची खुर्ची राहिली. माझं पत्र महिनाभर उशिरा आलं, पण आलं. खोली शांत झाली. नवी माणसं लागली त्यांना वाटायचं की आम्ही शिस्तीचे लोक आहोत. ताईंच्या चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या, चहा घेतलास का, चौथी ओळ बघ. मला वाटलं, झालं गेलं मिटलं. मी त्यांना गजरा नेऊन द्यायचे, त्यांच्यासाठी रिक्षा अडवून ठेवायचे, आणि त्या मान डोलवायच्या.

चार-पाच महिन्यांनी त्यांचा आवाज आला. पूर्वीचा नाही, खरखरीत, मध्येच तुटणारा. सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर "नमस्कार" म्हटलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बटाटेवडे मागवले. दिवसभर ज्याच्या त्याच्याशी त्या दोन-दोन शब्द बोलत होत्या, पाणी पिऊन परत बोलत होत्या.

संध्याकाळी आम्ही दोघीच मागे राहिलो. दाराबाहेर चपला घालताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. म्हणाल्या, "एक सांगायचं होतं तुला. लिहून सांगायचं नव्हतं, म्हणून थांबले."

मी म्हटलं, "सांगा ना, ताई."

"त्या दिवशी कुठल्या टर्मिनलवरून कोण आत आलं, ते मला दोन मिनिटांत कळलेलं. चूक कोणाच्याही हातून होते गं. त्याचं काही नाही." त्या थांबल्या, घसा खाकरला. "पण साहेब मला बोलत होते, आणि तू तिथेच बसलेलीस. माझा आवाज गेला होता. तुझा तर होता ना?"

त्या रागावलेल्या नव्हत्या. हात अजून माझ्या खांद्यावर होता, आणि उत्तराची वाट बघत त्या माझ्याकडे बघत होत्या. मी वाकून चपलेचा पट्टा लावत राहिले. मग आम्ही जिना उतरून खाली आलो आणि रिक्षा मिळाली.